‘उंदरांवरच चालणारी लस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

उंदरांमुळे पसरणाऱ्या हंता विषाणूंवरच्या डीएनए लशींबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावर कोपरखैरण्याच्या वाचकमहाशयांनी लिहिलंय: “डीएनए लस फक्त उंदरांवर चालते, माणसात फुसकी ठरते. ठाण्यात लोक लेप्टोने मरतात आणि तुम्ही घरबसल्या गुगल वाचून हंताच्या गप्पा मारता. खर्चाचा तर विचारच नाही.”

मतभेद असू द्या. पण अनोळखी माणसाला असं हिणवायचं कारण काय? रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत ई. कोलाय जिवाणू वाढवून त्यातून प्लाझ्मिड, म्हणजे डीएनए लशीत वापरतात ते डीएनएचं गोल कडं, काढायचं काम मी वर्षानुवर्षं केलंय. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने रात्रपाळीला जायचो. गुगलवर प्लाझ्मिड तयार होत नाही, साहेब.

आता ‘फुसकी’. साध्या सुईने टोचलेलं बरंचसं प्लाझ्मिड पेशींच्या बाहेरच राहतं. ते केंद्रकात पोचलं तरच विषाणूचं प्रथिन तयार होतं. उंदराच्या इवल्याशा स्नायूत हे जमतं, माणसात अवघड जातं. म्हणून टोचल्या जागी विजेचे छोटे झटके देतात किंवा बिनसुईच्या जेटने लस आत सोडतात. जनुकाचे कोडॉन, म्हणजे प्रथिनाचा क्रम सांगणारे तीन-तीन अक्षरांचे संकेत, तेही मानवी पेशीला सोयीचे करतात. प्रथिन तेच राहतं. हंतान आणि पुमाला या हंता गटातल्या विषाणूंच्या आवरणावरची प्रथिनं बनवणाऱ्या अशा लशींच्या माणसांवर पहिल्या टप्प्यातल्या चाचण्या अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी केल्या. अनेक स्वयंसेवकांच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं मिळाली. सगळ्यांच्या नाही, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलंत की नाही, कोण जाणे. लासा हा दुसरा विषाणूही उंदरांमुळेच पसरतो, आणि त्याच्यावरच्या डीएनए लशीने प्रयोगात माकडं वाचवली. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या देशाने मंजूर केलेली झायकोव-डी ही कोविडची लसही डीएनएचीच, बिनसुईची, ३ डोसची. ती माणसांसाठीच होती.

लेप्टो इथे जास्त मोठा प्रश्न आहे, मान्य. पण तो जिवाणू, त्याला डॉक्सिसायक्लिन आहे. हंताला असं भरवशाचं औषध नाही. शिवाय त्यातला सोल विषाणू तपकिरी उंदरांबरोबर जगभर पोचलाय आणि न्हावा-शेवा बंदर आपल्या शेजारी आहे.

खर्चाबद्दल तुम्ही एकही आकडा दिलेला नाही, तेव्हा तो मुद्दा सोडतो.

खरंच अडचणीत आणायचं असेल, तर ही प्रतिपिंडं किती काळ टिकतात ते विचारा. त्यावर सविस्तर बोलायला मी तयार आहे. माझी लायकी काढणारी पुढची प्रतिक्रिया मात्र छापणार नाही.