एवढे एक काम झाले की

गाडी जुनी झाली हे तिच्या कागदपत्रांवरून कळत नाही; गॅरेजवाला आपल्या घरच्यांची ख्यालीखुशाली विचारू लागला की कळते. माझ्या गाडीने दीड लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडल्यापासून आमचा मेकॅनिक माझी एवढ्या आस्थेने चौकशी करतो, की पुढच्या खर्चाचा अंदाज मला त्याच्या आवाजातल्या मायेवरूनच बांधता येतो. या खेपेला तो फारच मायाळू झाला होता. इंजिनातल्या व्हॉल्व्ह-पिस्टनची लय सांभाळणारा टायमिंग बेल्ट बदलायला हवा, क्लचप्लेट संपत आली आहे आणि पुढच्या चाकांचे बुश गेले आहेत, असे त्याने हळुवारपणे सांगितले आणि शेवटी, 'बाकी गाडी एकदम टकाटक आहे साहेब,' असा दिलासाही दिला. बाकी म्हणजे काय उरले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुरुस्त करावी की विकावी, हा प्रश्न घरात मांडला, तेव्हा माझ्या मेव्हण्यांनी आपला ठरलेला नियम ऐकवला: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त झाला की गाडी काढून टाकावी. हा नियम ऐकायला चोख वाटतो, पण त्यात एक गोम आहे. गाडी विकल्यावर मी पायी हिंडणार नसतो. दुसरी गाडी घेणार असतो, आणि नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षातच सर्वाधिक वेगाने घसरते. माझ्या गाडीची जी काही घसरायची ती कधीच घसरून झाली असून आता तिला आणखी खाली जायला फारशी जागाच उरलेली नाही. म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी नव्हे, तर दुसऱ्या गाडीचे हप्ते, विमा आणि घसारा यांच्या वर्षभराच्या बेरजेशी ताडून पाहायला हवा. मी ही बेरीज कागदावर मांडून दाखवली. मेव्हण्यांनी ती तपासली, बरोबर असल्याचे मान्य केले आणि गाडी विकावी असेच पुन्हा सांगितले.

हिशेब माझ्या बाजूने होता, कान मात्र नव्हते. पूर्वी मी गाडीत गाणी ऐकत असे, आता गाडी ऐकतो. पूर्ण वळण घेताना पुढच्या चाकातून 'कट्कट्' आले की अ‍ॅक्सलचा जॉइंट, खड्ड्यात 'खडखड' झाले की सस्पेन्शन, ब्रेक दाबताना किंचाळी आली की पॅड, एवढे ज्ञान मला अनिच्छेनेच प्राप्त झाले आहे. धुराचे तर मी रंगशास्त्रच शिकलो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते आहे, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर इंजिन थंड ठेवणारे कूलंट आत शिरत असण्याची शक्यता मोठी, म्हणजे बहुधा इंजिनाच्या दोन भागांमधली सांध बंद ठेवणाऱ्या हेड गॅस्केटच्या नावाने पाणी सोडायचे. सिग्नलला थांबलो की मी आरशात सायलेन्सरच्या दिशेने असा टक लावून बघतो, की मागच्या गाडीतले लोक अस्वस्थ होतात.

तरीही विक्रीचा प्रयत्न करून पाहिला. जुन्या गाडीत काय बिघडले आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा वाईटच गृहीत धरून भाव पाडतो आणि मग चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातूनच उठून जातात, असा सिद्धान्त जॉर्ज अकेरलॉफ या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये मांडला आणि 2001 मध्ये त्याला नोबेल मिळाले. मला भेटलेल्या गृहस्थांनी तो वाचलेला नसावा, पण आचरणात पुरता आणला होता. त्यांनी ऑइलची कांडी काढून हुंगली, चारही दारे आपटून पाहिली आणि विचारले, 'एवढी चांगली आहे, तर विकताय कशाला?' या प्रश्नाला जगात उत्तर नाही. दोष सांगावेत तर भाव पडतो. नुकतेच काम करून घेतले आहे असे सांगावे, तर एवढे मोठे काम का काढावे लागले अशी शंका येते. दुरुस्तीवर ओतलेला पैसा विक्रीच्या किमतीत क्वचितच पुरता परत येतो, हे मला तिथे उभ्या उभ्या समजले. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मला स्वतःचाच अपमान झाल्यासारखे वाटले आणि मी गाडीची बाजू एवढ्या तावातावाने मांडली, की ते गेल्यावर ती विकण्याचा विषय काढायलाही मला लाज वाटू लागली.

क्लच अजून थोडा ओढता येईल, बुशांचा आवाज सोसता येईल; टायमिंग बेल्टला मात्र मुरवत नसते. तो बहुधा पूर्वसूचना न देता तुटतो आणि कित्येक इंजिनांत मग व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळून सगळे इंजिनच उतरवावे लागते. तेव्हा एवढे एक काम करून घ्यायचे आणि त्यानंतर शांतपणे विक्रीचे बघायचे, असे घरात एकमताने ठरले. मेव्हणे त्या वेळी हजर नव्हते. गाडी गॅरेजमध्ये पोहोचवून घरी येतो न येतो तोच मेकॅनिकचा फोन आला. त्याने आधी मुलांच्या परीक्षांची चौकशी केली. मग म्हणाला, 'साहेब, बेल्टसाठी सगळं खोललंच आहे, तर आत्ताच वॉटर पंपही बदलून टाकू या का?'