रोलरने फुरशाचं विष उतरत नाही

गेला आठवडाभर आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. केसासारख्या बारीक सुयांचं नवं यंत्र आलंय, दुखत नाही, औषध पाचपट कमी लागतं, इन्सुलिनपासून सापाच्या इंजेक्शनपर्यंत सगळं घरच्या घरी. डॉक्टर हे सांगणार नाहीत. शेजारच्या काकी मोबाइल घेऊनच आल्या, "सिस्टर, ह्यां खरां काय?" आरोग्यसेविका म्हणून अर्धं आयुष्य पोरांच्या दंडात सुया टोचण्यात गेलं, तेव्हा उत्तर मलाच द्यायला हवं.

आधी फॉरवर्डमधला फोटो बघा. तो पार्लरमधला डर्मारोलर आहे, चेहऱ्यावर फिरवायचा सुयांचा रोलर. त्याच्या सुया भरीव असतात, औषध आत सोडायला भोकच नाही.

"नवा शोध." कातडीत औषध सोडणं जुनंच आहे. तुमच्या दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, व्रण तिथूनच आला. नवजात बाळाला ०.०५ मिली, सुई जवळजवळ आडवी धरून. संत्र्याच्या सालीसारखा पांढरा फुगवटा उठला तर जमलं. केसभर खोल गेली की फुगवटा नाही. नव्या मुलींचे हात हे शिकताना थरथरतात. खरी मायक्रोनीडल, म्हणजे अगदी छोटी बारीक सुई, इथे कामाची आहे: पोकळ, जेमतेम ०.६ ते १.५ मिलिमीटर लांब, सरळ टेकवायची, खोल जायची सोयच नाही. मला मिळाली असती तर हवीच होती.

"औषध पाचपट कमी." हे अर्धं खरं. आपल्याकडे पोलिओची टोचायची लस २०१६ पासून कातडीत ०.१ मिली देतात, म्हणजे पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा. कुत्रा चावल्यावरची लसही दोन्ही दंडांवर ०.१ मिली देता येते. कातडीत रोगाला ओळखणाऱ्या पेशींची गर्दी असते, म्हणून थोडक्यात भागतं. पण हे लसींचं, आणि तेही तपासून ठरवलेल्या. चाव्याने कातडी फाटून रक्त आलं असेल तर रेबीजविरोधी सीरम जखमेतच भरावं लागतं, तिथे ही काटकसर चालत नाही.

"इन्सुलिनसुद्धा." काकींचा खरा प्रश्न हाच. त्यांचं इन्सुलिन ४० युनिटवाल्या बाटलीतलं. २० युनिट म्हणजे अर्धा मिली. कातडीत एका जागी ०.१ मिली मावतं. शिवाय इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत द्यायचं असतं. कातडीतच गेलं तर ते लवकर रक्तात उतरतं आणि साखर अवेळी खाली येऊ शकते.

आता साप. कातळावर गवत कापताना फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. दवाखान्यात ते काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतंय का बघतात. प्रतिविषाच्या सुरुवातीला साधारण १० बाटल्या, प्रत्येकी १० मिली, सलाइनमधून थेट शिरेत. १०० मिली! ०.१ च्या हिशोबाने हजार वेळा टोचावं लागेल, आणि तेवढं करूनही ते वेळेत रक्तात पोचणार नाही. त्यात प्रतिविषाची रिअॅक्शन येऊन माणूस धापा टाकू लागला, तर अंगणात कोण बघणार? हा फॉरवर्ड वाचून कुणी घरी थांबला, तर जीव जाईल. याच वाक्यासाठी मी लिहायला बसले.

"दुखत नाही." टोचणं कमी जाणवतं, खरंय. नंतरची लाली, खाज, सूज मात्र जास्त दिसते.

"घरच्या घरी." अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या एका विनापरवाना स्पामध्ये सुयांनी चेहऱ्यात रक्तातला अंश भरण्याच्या उपचारातून बायकांना एचआयव्हीची लागण झाली. आमच्याकडे एकच रोलर आई, सून आणि नणंद वापरणार, हे मी आजच सांगते.

काकींनी पार्सलची ऑर्डर रद्द केली. फॉरवर्ड मात्र मालवणच्या बहिणीला आदल्या रात्रीच पाठवून झाला होता.