पी सोडा आणि हो बरी?

रविवारी मावशीने फोटो पाठवला. निळसर हिरवी झालेली एक कागदी पट्टी, मागे बाथरूमची फरशी. खाली लिहिलेलं, "बघ, आठ आलं! आधी साडेपाच होतं. शरीर अल्कलाइन झालं." आणि त्याखाली, अगदी सहज विचारल्यासारखं, "मग पुढची केमो थोडी लांबवली तर चालेल का गं?"

मावशीच्या स्तनातली गाठ काढून झाली आहे, केमोच्या तीन सायकल झाल्या आहेत. मी 19 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. असल्या पट्ट्या रोज शेकड्याने बुडवते, पण एखादी पट्टी बघून हात थरथरायची वेळ पहिल्यांदाच आली. भीतीने नाही, रागाने.

मावशी ज्यावर विसंबली होती तो फिरता मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. त्यातला मजकूर थोडक्यात असा. कॅन्सर आम्लधर्मी शरीरातच होतो, अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट, अशा शरीरात त्याची पेशी जगूच शकत नाही. हे ऑटो वॉरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलं आणि त्यासाठी त्याला 1931 साली नोबेल मिळालं, पण औषध कंपन्यांनी ते दडपलं. लिंबू केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट गुणकारी आहे. तेव्हा रोज दोनदा कडकडीत गरम पाण्यात अर्धं लिंबू आणि चमचाभर खायचा सोडा घालून घ्या. दूध, अंडी, मांस, धान्यं, कॉफी, साखर बंद. लघवी पट्टीने तपासा, रंग बदलला की समजा कॅन्सर पळाला. दहा जणांना पाठवा, एखादा जीव वाचेल.

जीव वाचेल! बरं.

आधी नोबेलचं बघू, कारण मावशीचा सगळा विश्वास त्या एका शब्दावर होता. वॉरबर्ग खरे, 1931 खरं, नोबेलही खरं. पण ते मिळालं पेशींच्या श्वसनात काम करणाऱ्या एन्झाइमचं स्वरूप आणि कार्यपद्धती शोधल्याबद्दल. कॅन्सरचं कारण सापडल्याबद्दल नाही, औषधाबद्दल तर नाहीच. कॅन्सरवरही त्यांचं मोठं काम आहे. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही साखर अर्धवटच जाळतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, हे त्यांनी दाखवलं. आजही त्याला वॉरबर्ग परिणाम म्हणतात. म्हणजे गाठीच्या आसपास आम्ल असतं हे खरं, पण ते आम्ल गाठ स्वतः तयार करते. मेसेजवाल्याने गाडी घोड्यापुढे जुंपली आहे. आग लागली की धूर होतो म्हणून धुरामुळे आग लागते, असं म्हणण्यातला हा प्रकार. आणि जे गेली कित्येक दशकं विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून शिकवलं जातं ते 'दडपलं' कसं, हे मेसेज लिहिणाऱ्यालाच माहीत.

आता 'शरीर आम्लधर्मी होतं' याबद्दल. हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आयसीयूतून एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा, नमुना येतो तेव्हा वॉर्डबॉय ती सिरिंज घेऊन जवळजवळ पळतच येतो. मनगटाजवळच्या धमनीतलं रक्त असतं, आत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे बिघडतात, उशीर झाला तरी बिघडतात. मशीन दोनेक मिनिटांत कागद बाहेर टाकतं. त्यावर पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू: आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. निरोगी माणसाचा तो 7.35 ते 7.45 यांच्यामध्ये असतो. एवढीशी फट. 7.1 दिसला की आम्ही रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही, थेट फोन उचलतो. आणि 7.6 दिसला तरीही फोनच उचलतो. रक्त जास्त अल्कलाइन झालं म्हणून आमच्याकडे कोणी पेढे वाटत नाही. फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके चुकू शकतात.

ही फट सांभाळायला शरीराने रात्रंदिवस पहारा ठेवलेला आहे. रक्तात आम्ल शोषून घेणारं बायकार्बोनेट, तातडीच्या कामाला फुप्फुसं, सावकाशीच्या कामाला मूत्रपिंडं. पटत नसेल तर अर्धा मिनिट श्वास रोखून बघा. जी तगमग होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचून पीएच घसरू लागल्याची. उलट घाबरलेला माणूस भराभरा श्वास घेतो तेव्हा त्याचं रक्त मिनिटभरात खरोखर अल्कलाइनकडे सरकतं. बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. अल्कलाइन होण्याचा अनुभव तो हाच, आणि तो कोणालाच आवडत नाही. तुमच्या लिंबाच्या ग्लासाने ही फट हलत नाही. जठरात तर मुळातच पीएच दीड ते साडेतीन असतो. तिथे जेवणातलं काहीही पडलं तरी आधी आम्लातच पडतं.

मग मावशीची पट्टी निळी का झाली? कारण ती लघवीची पट्टी होती. रक्ताचा तोल राखण्यासाठी जे नको ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात, म्हणून लघवीचा पीएच साडेचारपासून आठपर्यंत कुठेही असू शकतो. मावशीने सोडा प्यायला, मूत्रपिंडांनी तो गाळून बाहेर टाकला, पट्टीने त्याची पावती दिली. आठ म्हणजे 'सोडा शरीराबाहेर गेला', आणि आधीचं साडेपाच अगदी नॉर्मल होतं. घरातला केर बाहेरच्या डब्यात बघून घर घाण आहे म्हणायचं, तसं हे.

'अल्कलाइन आहाराने कॅन्सर टळतो किंवा बरा होतो' याचा पुरावा कोणी शोधलाच नाही, असंही नाही. फेन्टन आणि हुआंग या दोघांनी नेमकं हेच काम केलं आणि 2016 साली ते बीएमजे ओपन या नियतकालिकात छापून आलं. त्यांनी 8,278 नोंदी चाळल्या, त्यांतल्या 252 संशोधनांचे गोषवारे वाचले. निकषांत बसणारा अभ्यास किती सापडला? एक. तो मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दलचा होता, आणि आहारातल्या आम्लाचा त्या कॅन्सरशी संबंध त्यात दिसला नाही. अल्कलाइन पाण्याने कॅन्सर बरा होतो असं दाखवणारा? शून्य. मावशीला मी एवढंच वाचून दाखवलं, बाकीचं व्याख्यान मनातच ठेवलं. ती म्हणाली, "आठ हजारांतून एक?" हो, आणि तोही विरोधात गेला.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, मन मारून का होईना. 2009 साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात सोडा मिसळला होता आणि कॅन्सर इतरत्र पसरण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. प्रयोग खरा, नियतकालिक नावाजलेलं. पण माणसांमध्ये हे सिद्ध झालेलं नाही, आणि उंदराच्या वजनाच्या हिशेबात तो डोस एवढा मोठा की माणसाने तसा रोज पिणं कठीण. शिवाय मूत्रपिंडं कमजोर झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर सोड्याच्या गोळ्या देतात, काही प्रकारच्या मुतखड्यांत सायट्रेट देतात, लिंबूपाण्याचाही तिथे थोडा उपयोग होतो. तो इलाज मूत्रपिंडांसाठी किंवा खड्यांसाठी असतो आणि रक्त तपासत तपासत दिला जातो. गाठीशी त्याचा काही संबंध नाही.

आता त्या चमचाभर सोड्याचा हिशेब. मेसेज पाठवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "अहो, घरातलीच वस्तू आहे, फायदा नाही झाला तरी नुकसान काय?"

नुकसान असं. चमचाभर सोड्यात साधारण 1,250 मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात सगळं मिळून 2,000 मिलिग्रॅमहून कमी सोडियम जावं. दोन ग्लास म्हणजे 2,500. जेवणातलं मीठ अजून सुरूही झालेलं नाही! "पण लिंबाने सोडा मारला जातो ना?" नाही मारला जात. फसफसून वर येतो तो कार्बन डायऑक्साइड, सोडियम आहे तिथेच राहतं. त्यातून अर्ध्या लिंबात आम्ल असतं साधारण एक ग्रॅम, चमचाभर सोड्याला ते पुरतही नाही. उरलेला सोडा जठरातल्या आम्लाला भेटतो आणि तिथे पुन्हा गॅस. भरल्या पोटावर सोडा घेऊन जठर फाटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. क्वचितच घडतं, पण घडलेलं आहे.

मावशीला ब्लडप्रेशर आहे, दोन गोळ्या चालू आहेत. सोमवारी मी तिच्याकडे गेले तर पायांवर मोज्यांच्या रबराची खोल वळी उमटलेली. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहिला. केमोच्या औषधांनीही सूज येऊ शकते, म्हणून सगळं खापर सोड्यावर फोडत नाही. पण जिच्या पायाला आधीच सूज आहे तिच्या पोटात रोज दोन चमचे सोडा घालायचा? आणि तिच्या डॉक्टरांना याचा पत्ता नव्हता, कारण मेसेजमध्येच लिहिलं होतं, डॉक्टरांना सांगू नका, ते हसतील. मी सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी सोडियम-पोटॅशियम तपासायला पाठवलं.

यातलं सगळ्यांत घातक म्हणजे केमो लांबवायचा विचार. कॅलिफोर्नियात रॉबर्ट यंग नावाच्या गृहस्थाने याच अल्कलाइन सिद्धान्तावर दुकान मांडलं होतं. डॉक्टर नसताना तो रुग्णांच्या शिरेतून सोडा चढवत असे. विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल 2016 साली तो दोषी ठरला. त्याच्या नादाने केमो टाळून बसलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या एका रुग्ण महिलेला 10.5 कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल सॅन डिएगोच्या ज्यूरीने 2018 साली दिला. तोवर तिचा कॅन्सर पसरला होता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनीही असा हिशेब मांडला होता. रीतसर उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या 281 रुग्णांत मृत्यूचा धोका एकूण अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. दहा हजार पट गुणकारी लिंबाच्या बाजूने असा एकही आकडा नाही. काचेच्या बशीतल्या पेशी लिंबाच्या अर्काने मरतात म्हणे. ब्लीचनेही मरतात.

'कडकडीत गरम प्या' ही तर कमालच. 65 अंश सेल्सिअसच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 साली जाहीर केलं आहे. कॅन्सर घालवायला सांगितलेल्या कृतीत कॅन्सरचा धोका! रोगापेक्षा इलाज भयंकर तो असा. गंमत म्हणजे त्याच वेळी त्या संस्थेने कॉफीला मात्र संशयितांच्या यादीतून काढलं, आणि मेसेजच्या यादीत कॉफी 'विष' आहे.

साखर कमी करा, हे ठीक. वजन आटोक्यात राहील, बाकी फायदे आहेतच. पण साखर बंद केली म्हणून गाठ उपाशी मरत नाही, यकृत स्वतः ग्लुकोज बनवतं. लिंबूपाणी नुसतं पीत असाल तर प्या, दातांना लागत राहू देऊ नका, एनॅमल झिजतं. आणि एवढ्या लांबलचक यादीत दारूचं नाव नाही, तंबाखूचं नाही. या दोन्ही गोष्टी कॅन्सर करतात यात कसलीच शंका उरलेली नाही, पण त्यांचा मेसेज कोणी फिरवत नाही.

दूध-अंडी बंद, याचा मला शेवटी पत्ता लागला. मावशीने तीन आठवडे दोन्ही सोडलं होतं. ज्या दिवसांत तोंडाची चव गेलेली असते आणि प्रोटीन सगळ्यांत जास्त लागतं, त्याच दिवसांत. दोन किलो वजन उतरलं आणि ती ते 'शुद्धी होतेय' म्हणून मिरवत होती. अन्न आम्लधर्मी की अल्कलाइन, हे ठरवायला पूर्वी ते जाळून राखेची तपासणी करत. त्या राखेच्या हिशेबावर तिचं अंडं बंद झालं होतं.

चौथी सायकल ठरल्या दिवशीच लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर उकडलेलं अंडं ठेवलं. तिने चमच्याने त्याचे दोन भाग केले आणि बराच वेळ बघत बसली.

"हे आम्लधर्मी आहे ना गं?"

"आहे," मी म्हटलं. "खा."