शकुंतला मीटरगेज नव्हती

शकुंतला रेल्वेबद्दल ‘ब्रिटिश सरकारच्या मालकीची मीटरगेज शकुंतला’ असा मजकूर आपल्या यवतमाळ-अमरावतीकडच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

शकुंतला धावायची तो यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर रूळ नॅरोगेजचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, ७६२ मिलीमीटर. मीटरगेज १००० मिलीमीटरचा असतो. तो होता अकोल्याहून खंडवा आणि पूर्णेकडे जाणाऱ्या लाइनला. अकोला-मूर्तिजापूर शेजारी, त्यामुळे घोळ होत असावा.

मालकी ब्रिटिश सरकारची नव्हे, सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खासगी कंपनीची. तिचा कारभार मुंबईची किलिक निक्सन ही कंपनी पाहायची.

अरुंद रूळ का? वऱ्हाडचा कापूस. हलके रूळ, लहान पूल, कमी खर्च. पण मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची १६७६ मिलीमीटरची ब्रॉडगेज लागायची. डबे तिच्यावर चढत नसत, म्हणून गाठी उतरवून पुन्हा भरायच्या. गेजमधल्या फरकाची खरी किंमत हमालांच्या पाठीने मोजली, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमकं तेच नाही.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर दुरुस्त करून पाठवा.