‘नर्सनं सुया-गोळ्या बघाव्यात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

(नाव लिहिलेलं नाहीत, म्हणून दादा म्हणते. वयानं लहान असाल तर सांभाळून घ्या.)

तुमची प्रतिक्रिया ड्युटीवरून आल्यावर जेवता जेवता वाचली आणि भात तसाच ताटात राहिला. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हार्ट अटॅकच्या पेशंटला वॉर्डमध्येच लवकर उठवणं, बसवणं, चार पावलं चालवणं आणि त्यात नर्सचा वाटा, यावर मी मागे लिहिलं होतं. दादांचं म्हणणं, हे पाश्चात्त्य खूळ आहे. दुखावलेल्या हृदयाला आराम हवा. चालवणं फिजिओचं (व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं) काम, नर्सनं सुया-गोळ्या बघाव्यात. आणि शेवटी एक ओळ : ‘माझ्या वडिलांना तिसऱ्या दिवशी चालवायला उठवलं आणि ते बाथरूमच्या दारात कोसळले.’

या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण वरचं सगळं तिच्यातूनच आलंय.

तुमच्या बाबांचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा नेमकं काय झालं हे मी सांगणं बरोबर नाही. पण असा पेशंट पडला की आम्ही आधी काय विचारतो, ते सांगते. सकाळच्या गोळ्या कधी दिल्या? अटॅकनंतर बीपी उतरवणाऱ्या दोन-तीन गोळ्या बहुतेक एकदमच सुरू होतात. जोडीला लघवीची गोळी असली तर अंगातलं पाणीही कमी झालेलं असतं. माणूस आडवा आहे तोवर वरचं बीपी १२०, उभा राहिला की रक्त पायांत उतरतं आणि आकडा येतो ९०. म्हणून उठवताना बीपी तीनदा घ्यायचं : आडवा असताना, पाय खाली सोडून बसवल्यावर, आणि उभं केल्यावर एक-दोन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने उतरला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत आडवं करायचं, त्या वेळचं चालणं रद्द, आणि डॉक्टरांना कळवायचं. बाबांचे हे तीन आकडे कुणी घेतले होते का? नसतील, तर तुमचा राग रास्त आहे. तो चालण्यावर न काढता, न बघता चालवण्यावर काढा, एवढंच म्हणेन.

माझ्याही हातून हे झालंय. नोकरीचं दुसरं वर्ष, नाइट ड्युटी, तीस पेशंट आणि मी एकटी. एका काकांना पहाटे बाथरूमला जायचं होतं. ‘या जाऊन, लांब नाही,’ म्हणाले आणि पुढच्या बेडची सलाईन बदलायला वळले. काकांनी सवयीनं आतून कडी लावली. धप्प आवाज आला तेव्हा दार उघडेना. वॉर्डबॉयनं खांदा मारून कडी तोडली. हृदयाला काही झालं नव्हतं, पण कपाळाला तीन टाके पडले. त्या दिवसापासून माझ्या पेशंटला माझी पहिली सूचना ठरलेली : कडी लावायची नाही, मी बाहेर उभी आहे, लाजायचं नाही.

आता आरामाविषयी. तुम्ही म्हणता तसा आराम पूर्वी खरोखरच देत असत, सहा-सहा आठवडे, कूसही बदलू न देता. पायांच्या शिरांत गुठळ्या व्हायच्या, त्या फुप्फुसात जाऊन माणसं दगावायची. अमेरिकेत बॉस्टनचे हृदयतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी हे मोडलं. पेशंटना सुरुवातीच्या दिवसांतच आरामखुर्चीत बसवायला लागले आणि १९५२ साली ८१ जणांचा अनुभव छापला. तिथले शिकाऊ डॉक्टरही भडकले होते, तुमच्यासारखेच. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतच डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. त्यांची दमछाक सोसण्याची ताकद पावपटीहून जास्त घटली. तीस वर्षांनी तीच पाच माणसं पुन्हा तपासली, तर तीस वर्षांच्या वयानंही त्या तीन आठवड्यांएवढं नुकसान केलेलं नव्हतं. ही निरोगी मुलं होती. साठीतल्या मधुमेही माणसाचं काय होत असेल, विचार करा.

आणि पलंगावरचा आराम हा आराम असतो, हा तर मोठाच गैरसमज. बेडपॅनवर बसून जोर लावणाऱ्या माणसाचा घामेजलेला चेहरा मी रोज बघते. धरून नेऊन कमोडवर बसवलं तर त्याला कष्ट कमीच पडतात.

फिजिओचं म्हणाल, तर जिथे फिजिओ आहे तिथे व्यायाम त्यांनीच घ्यावा, वाद नाही. पण ते दिवसातून एकदा किंवा दोनदा येणार, वीस मिनिटं थांबणार. उरलेल्या वेळात पेशंट पाणी प्यायला उठतो, बायकोवर चिडून उठतो, चार्जर शोधायला वाकतो. तेव्हा जवळ कोण असतं? रात्री अडीचला छातीत दुखलं होतं, मॉनिटरवर ठोके मधेच चुकले होते, सकाळी ताप आहे, हे कुणाला माहीत असतं? खरं सांगायचं तर या कामातला माझा मोठा भाग चालवण्याचा नाहीच. ‘आज नको’ म्हणण्याचा आहे.

गेल्या पावसाळ्यातलं सांगते. एक शेतकरी आजोबा, मनगटातून अँजिओप्लास्टी झालेली, दुसरा दिवस. आजी पाय खाली ठेवू देईनात, घासही स्वतः भरवत होत्या. तिन्ही बीपी ठीक आली. नाडी ७८. खिडकीपर्यंत बारा पावलं. अटॅकच्या पेशंटची नाडी बसल्या नाडीपेक्षा २० हून जास्त चढू द्यायची नाही, असा आमचा हिशोब. चालल्यावर ती ९४ झाली. आकड्यात सगळं बरं होतं. दम किती लागतोय हे विचारायला ६ ते २० ची एक मोजपट्टी असते, पण ती आजोबांना काय कळणार? म्हटलं, ‘किती जड जातंय?’ म्हणाले, ‘दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणी गाठल्यागत.’ बारा पावलांना हे उत्तर जड होतं. तिथेच खुर्चीत बसवलं, बोलता बोलता वाक्य तुटतंय का ते बघितलं आणि डॉक्टरांना सांगितलं. त्या दिवशी तेवढंच. डिस्चार्जआधी एक मजला जिना चढवून बघितला, कारण घरी माडी होती. आणि संडास भारतीय पद्धतीचा, म्हणून मुलाला प्लॅस्टिकची कमोड-खुर्ची आणायला लावली. हे ना फिजिओच्या कागदावर होतं, ना डॉक्टरांच्या. आजींशी गप्पा मारताना कळलं.

दोन गोष्टी मात्र तुमच्या बाजूनं मान्य करते.

एक, पुरावा. २०१६ मध्ये ६३ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात व्यायामाच्या कार्यक्रमामुळे हृदयविकारानं होणारे मृत्यू १०.४ टक्क्यांवरून ७.६ वर आले. पण तो बहुतांशी घरी गेल्यावर पुढे महिनोन्‌महिने केलेला व्यायाम आहे. वॉर्डातल्या चार पावलांच्या नावावर मी तो आकडा खपवू नये. मूळ लेखात माझा सूर तसा लागला होता खरा. (‘पाश्चात्त्य’ म्हणता, तर भारतात २४ केंद्रांवर जवळपास चार हजार अटॅकच्या पेशंटवर योगाधारित कार्यक्रमाचा अभ्यास झालाय. मृत्यू आणि पुन्हा अटॅक यांत ठळक फरक दिसला नाही, पण माणसांना बरं वाटलं आणि ती लवकर कामाला लागली.)

दुसरी गोष्ट, माणसं. तीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर तीनदा बीपी घेणं कागदावरच राहतं. तिथे कुणी घाईनं हात धरून उठवत असेल, तर झोपून राहिलेलं बरं, असं नातेवाइकांना वाटणारच. मला पेशंटच्या जागी ठेवलं तर मलाही वाटेल. तुम्ही हे ‘नर्सचा निष्काळजीपणा’ म्हणून लिहिलंय. मी त्याला ड्युटी लिस्टचा, म्हणजे एकीवर तीस पेशंट टाकण्याचा, दोष म्हणते. पण पडणाऱ्याला दोन्ही सारखंच लागतं, हेही खरं.

बाबा आता कसे आहेत ते लिहा. अजून पलंगावरच असतील तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा : उभं केल्यावर बीपी किती आहे, आणि रोज किती मिनिटं चालायचं. दुसरीचं उत्तर ‘थोडं थोडं’ असं आलं तर पुन्हा विचारा, मिनिटांत.

मूळ लेखात ‘दुसऱ्या दिवशी पेशंटला चालवावं’ असं मी सरसकट लिहिलं होतं. ते आज बदललंय. आता तिथे आहे : ‘छातीत दुखणं थांबलेलं असेल, ठोके नीट असतील, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल आणि तिन्ही बीपी ठीक आली तर, सोबत कुणी असताना.’