'जितके थर तितकी गाडी सेफ' हा मेसेज फिरतोय, त्यातला एकेक मुद्दा बघू

सध्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर आला, गाडीवाल्यांच्या ग्रुपवर आला, नातेवाईकांच्या ग्रुपवर पण येऊन गेला. थोडक्यात म्हणणं असं की गाडी घेतल्या घेतल्या टेफ्लॉन कोटिंग करा, त्यावर वॅक्स, त्यावर सिरॅमिक (सिलिकाचं पातळ द्रव कोटिंग), वरून परत वॅक्स, दर 6 महिन्यांनी रबिंग पॉलिश मारून नवीन थर चढवा, जितके थर तितकं संरक्षण आणि तितकी चमक, कठीणपणा 9एच असल्यामुळे ओरखडा पडणार नाही, पाण्याचे थेंब गोल उभे राहतायत तोवर चिंता नाही, आणि ठोकर लागून पॅनल रंगवलं तर त्याच दिवशी त्यावर पण कोटिंग मारून घ्या. लोक ह्यात बोनसचे पैसे घालतात, हप्त्यावर घेतलेल्या पहिल्या गाडीवर घालतात, म्हणून नीट सविस्तर लिहितोय.

"जितके थर तितकं संरक्षण"

आधी जाडीचा हिशोब बघा. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे डोक्याचे जेमतेम दोन केस एकावर एक. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन. आता सिरॅमिकचा एक हात म्हणजे फार तर एक-दोन मायक्रॉन, बऱ्याचदा त्याहून कमी, आणि वॅक्स लावून कापडाने पुसून काढल्यावर जे मागे उरतं ते मायक्रॉनचा लहानसा अंश. वॅक्सचा दुसरा हात मारला की त्यातलं सॉल्व्हंट खालचा हात परत सैल करतं आणि पुसताना जास्तीचं सगळं फडक्यात जातं. त्यामुळे 10 हात मारले म्हणून 10 पट जाड काही होत नाही. दुसरा हात घ्यायचा तो पहिल्यात सुटलेल्या जागा भरून निघाव्यात म्हणून, तेवढ्यासाठी तो जरूर घ्या. तिसऱ्यानंतर तुम्ही फडकं रंगवताय.

एक्स्प्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेली खडी थोपवायची असेल तर तिथे द्रवाचा कुठलाच थर कामाचा नाही. तिथे पीपीएफ लागतं, ती पॉलियुरेथेनची 150 ते 200 मायक्रॉनची फिल्म असते. पूर्ण गाडीला परवडत नसेल तर बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला तरी लावता येते, आणि चार वेळा वॅक्स करून घेण्यापेक्षा तो खर्च सार्थकी लागतो.

"टेफ्लॉन, त्यावर वॅक्स, त्यावर सिरॅमिक"

हा क्रमच चुकलाय. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ते वितळतं 327 अंश सेल्सिअसला, तव्यावर बसवताना त्याहून जास्त तापमानात भाजावं लागतं तेव्हा कुठे ते धरतं. गाडीचा रंग कारखान्यातल्या भट्टीत भाजतात तो 140 अंशांच्या आसपास. मग शोरूमच्या मागच्या शेडमध्ये हाताने चोळून तव्यासारखा टेफ्लॉनचा थर बसेल कसा? त्या नावाखाली जे लावतात त्याने चमक येते, काही महिने टिकते पण, पण ते चांगल्यापैकी पॉलिश किंवा सीलंट (वॅक्ससारखंच, पण कृत्रिम) असतं, त्याची किंमत तेवढीच धरा.

सिरॅमिकचं असंय की त्याला थेट क्लिअर कोटला धरायचं असतं. मध्ये वॅक्सचा तेलकट पापुद्रा राहिला तर ते वॅक्सवर बसतं आणि वॅक्स सुटलं की त्याच्यासकट जातं. म्हणूनच जाणकार डिटेलर (गाडीची सफाई-पॉलिश करणारा) कोटिंगच्या आधी गाडी धुतो, क्लेने, म्हणजे मातीसारख्या मऊ गोळ्याने, चिकटलेली घाण काढतो, गरजेपुरतं पॉलिश करतो आणि शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिसळलेल्या पाण्याने पॅनल पुसून तेलाचा अंश घालवतो. ह्यातली शेवटची पुसणी टाळली तर बाटली कितीही महागाची असो, काही उपयोग नाही. आणि हे सगळं बंद जागेत करायचं काम आहे. जुलैच्या दमट हवेत सिरॅमिक भराभर आवळतं, पुसायला उशीर झाला की डाग धरून कडक होतं, मग ते काढायला परत पॉलिशच करावं लागतं. कोटिंगनंतर पहिला दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर शॅम्पू नाही, त्यामुळे "सकाळी द्या, संध्याकाळी धुवून न्या" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

सिरॅमिकवर वॅक्स लावल्याने नुकसान काही नाही, पण मग बाहेरून तुम्हाला वॅक्सचेच गुण मिळतात कारण पाण्याला आणि धुळीला भिडतो तो सगळ्यात वरचा थर. कार्नोबा वॅक्स वितळतं 82 ते 86 अंशांना, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात उभ्या काळ्या गाडीचं बॉनेट 70 अंशांच्या पुढे सहज जातं, त्या उष्णतेत वॅक्स मऊ पडतं आणि धूळ धरून बसतं. कोटिंगवर काही लावायचंच असेल तर त्याच जातीचा सिलिकाचा स्प्रे लावा.

"थर वाढले की चमक वाढते"

चमक येते पृष्ठभाग किती सपाट आहे त्यावरून. गुळगुळीत क्लिअर कोटवर समोरून पडलेल्या प्रकाशातला साधारण 4 टक्के वरूनच परत फिरतो, बाकीचा आत जाऊन रंगावरून परततो. वॅक्स आणि क्लिअर कोट ह्यांचे प्रकाशाच्या बाबतीतले गुण जवळपास सारखेच, त्यामुळे वर अजून एक हात मारून त्या 4 टक्क्यांचे 8 होत नाहीत. फरक पडतो तो बारीक ओरखडे असतील तर, कारण प्रत्येक ओरखडा प्रकाश इकडेतिकडे उधळतो आणि काळा रंग राखाडी दिसायला लागतो. ग्लेझ नावाचं जे मिळतं त्यातली तेलं आणि भराव ते ओरखडे बुजवतात, गाडी एकदम नवी दिसते, आणि दोन-चार धुण्यांत सगळं परत उघडं पडतं. सेकंडहँड गाडी बघायला जाताना हे डोक्यात ठेवा, उन्हात नाहीतर मोबाइलचा टॉर्च मारून बघा.

"दर 6 महिन्यांनी रबिंग मारा आणि नवीन थर चढवा"

सगळ्यात जास्त नुकसान ह्या सल्ल्यात आहे आणि मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच येतो. रबिंग म्हणजे कंपाउंडने क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. जोरात मारलं तर एका वेळेला काही मायक्रॉन जातात, आणि तुमच्याकडे सगळे मिळून आहेत 35-50. वर्षातून दोनदा असं पाच वर्षं करा आणि कडांवर, जिथे रंग आधीच पातळ असतो, तिथे काय उरेल बघा. उन्हापासून रंगाला खरं वाचवतो तो हाच क्लिअर कोट, अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं त्यातच मिसळलेली असतात. तो पातळ झाला की टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे येतात, पुढे पापुद्रे सुटतात, आणि तिथे वरून सिरॅमिकचे कितीही थर मारले तरी गेलेला क्लिअर कोट परत येत नाही, पॅनल रंगवावंच लागतं. शिवाय रबिंग मारलं की आधी पैसे देऊन केलेलं कोटिंगही निघून जातं, म्हणजे "थर चढवतोय" म्हणत म्हणत दर वेळी सुरुवात शून्यातून.

रबिंग करायचंच असेल तर आधी पेंटची जाडी मोजायचं मीटर लावून आकडे दाखवायला सांगा. मात्र तेच मीटर लावून "बघा सर, आमचं कोटिंग किती जाड बसलं" असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, एक-दोन मायक्रॉनचा फरक मीटरच्या स्वतःच्या चुकीतच बसतो.

"9एच आहे, ओरखडा येणार नाही"

हा 9 पेन्सिलीचा आहे. 6बी पासून 9एच पर्यंतच्या पेन्सिली 45 अंशाच्या कोनात, 750 ग्रॅमच्या भाराखाली थरावरून ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडत नाही ते बघतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीशी ह्याचा काही संबंध नाही, आणि रस्त्यावरच्या धुळीत वाळू असते, क्वार्ट्झ, ती त्या दुसऱ्या पट्टीवर 7 ला आहे. पेन्सिलीचं शिसं तिच्यापुढे अगदीच मऊ.

ओरखडे पडतात कुठून तर रोज सकाळी पार्किंगमध्ये एकाच बादलीच्या पाण्यात आणि एकाच फडक्याने वीस गाड्या पुसल्या जातात तिथून. त्यात पुसणाऱ्या दादांचा दोष नाही, त्यांना दिलेल्या वेळेत आणि पैशात दुसरं काय होणार, पण कोरडी धूळ ओल्या फडक्याने रगडली की कोटिंग असो नसो गोल गोल जाळी उमटतेच. त्यांना सांगा की रोज फक्त काचा पुसा आणि आठवड्यातून एकदा भरपूर पाणी मारून, मग शॅम्पू लावून धुवा, पैसे तेवढेच देईन. नुसत्या एवढ्या बदलाने जो फरक पडतो तो कुठल्याही बाटलीने पडत नाही.

"थेंब गोल राहतायत म्हणजे कोटिंग शाबूत"

वरती धूळ-तेलाचा पापुद्रा बसला की कोटिंग शाबूत असूनही थेंब पसरतात, आणि नुसता वॅक्सवाला शॅम्पू वापरला तरी थेंब गोल होतात. ह्याच्यावरून काहीच ठरत नाही. उलट पुण्यात-संभाजीनगरात जिथे बोरच्या नाहीतर टँकरच्या पाण्याने गाडी धुतात तिथे उन्हात सुकलेला प्रत्येक गोल थेंब क्षारांचा एक पांढरा ठिपका सोडून जातो, आणि तो दोन-तीन उन्हं तसाच राहिला की रंगात खड्डा पाडतो. सावलीत धुवा, लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. पक्ष्यांची विष्ठा पण त्याच दिवशी काढा, ओली करून, खरवडून नाही.

"रंगवलेल्या पॅनलवर त्याच दिवशी कोटिंग"

हे तर अजिबात करू नका. कंपनीतला रंग भट्टीतून पूर्ण पक्का होऊन येतो, त्यामुळे नव्या गाडीला थांबायची गरज नसते. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडचा रंग मात्र कमी तापमानात, साधारण 60 ते 80 अंशांत नाहीतर नुसत्या हवेत सुकवलेला असतो, त्यातलं सॉल्व्हंट नंतर कितीतरी दिवस बाहेर पडत राहतं. वरून बंद केलं तर रंग मऊ राहतो, धूसर होतो, कधी फोड पण येतात. किमान महिनाभर, शक्य असेल तर दोन-तीन महिने त्या पॅनलवर वॅक्स, सीलंट, सिरॅमिक काहीच लावू नका, साध्या पाण्याने आणि सौम्य शॅम्पूने धुवा, आणि पेंटरला किती दिवस थांबायचं ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवा.