दुर्मीळ होती, कारण पैसे नव्हते

जुन्या पोस्ट-पंक (पंकच्या मागोमाग आलेलं रॉक संगीत) सिंगलची, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीची, नवी आवृत्ती निघाली की एक ठरलेला फॉरवर्ड फिरू लागतो. म्हणे, या तबकड्या मोजक्याच असाव्यात अशीच त्या बँडची इच्छा होती, तेव्हा पुन्हा छापणं म्हणजे त्यांचा अपमान. शिवाय नवी प्रत डिजिटलवरून काढलेली, म्हणून आवाज बाद. आणि कलाकाराच्या हाती छदामही पडत नाही.

पहिला मुद्दा तर साफ उलटा आहे. लंडनच्या डेस्परेट बायसिकल्स या बँडने १९७७ साली ‘स्मोकस्क्रीन’ हे सिंगल काढलं, ५०० प्रती, खर्च १५३ पौंड. पाचशेच, कारण ऐपत तेवढीच. त्या खपल्या तशा त्यांनी स्वतःच पुन्हा छापल्या. स्क्रिटी पोलिटी या बँडच्या ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’चं (१९७८) कव्हर बघा: झेरॉक्स केलेला कागद, त्यावर हाताने लिहिलेला हिशेब. स्टुडिओचे १४ तास, ९८ पौंड. तबकडीच्या मधल्या कागदी लेबलवर मारायचे रबरी शिक्के, ८ पौंड. थेट वाण्याची वही! तुम्हीही काढा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. बझकॉक्स या बँडचं ‘स्पायरल स्क्रॅच’ आधी हजारच निघालं होतं. १९७९ मध्ये पुन्हा काढलं तेव्हा ते ब्रिटिश चार्टात (खपाच्या यादीत) ३१ व्या क्रमांकापर्यंत गेलं. अपमान झाला म्हणून कुणी रडल्याचं ऐकिवात नाही.

आवाजाचं म्हणाल, तर ‘स्मोकस्क्रीन’च्या दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी दाटीवाटीने बसवली होती, खर्च वाचावा म्हणून. ‘मूळ’ आवाजाचं सोवळं इथे कशाला? खरा प्रश्न वेगळा आहे: नवी प्रत मास्टर टेपवरून (स्टुडिओतल्या मूळ ध्वनिफितीवरून) काढलीय की कुणाच्या घासलेल्या तबकडीवरून? घासलेल्या तबकडीवरून असेल तर मीही घेणार नाही. माझ्याकडच्या एका नव्या सिंगलचं भोक जरासं बाजूला पडलंय; पिन दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलते आणि लांबवलेला सूर डगमगतो. ती चूक तबकडी छापणाऱ्या प्रेसची, त्यात डिजिटलचा काय दोष?

कलाकाराच्या पैशांबद्दल फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बोलूच नये. जुनी प्रत शंभर पौंडांना विकली गेली तरी सगळे पैसे विकणाऱ्याचे, बँडला शून्य. रीतसर परवाना घेऊन काढलेल्या आवृत्तीत निदान करारात त्यांचं नाव तरी असतं.